रानाची खूण

बादलीत कोपर बुडवून चिमाताईनं पाण्याचा अंदाज घेतला. अजून जरा कढतच होतं. तिनं नळाखाली तांब्या धरला, अर्धा तांब्या गार पाणी ओतलं आणि पुन्हा कोपर बुडवलं. तान्ह्या बाळासाठी काढावं तसं कोमट पाणी झालं, तेव्हा कुठे तिनं बाही खाली केली.

"अगं, बुडवायचंय त्यांना. न्हाऊ नाही घालायचं," दादा दारातून म्हणाला.

हे तो दर वेळी म्हणे, आणि दर वेळी त्याला स्वतःलाच हसू येई. चिमाताईही हसल्यासारखं करी. आजही केलं.

"आणि आज आत्ता नको. परीक्षक बाई दुपारी यायच्या होत्या, त्या सकाळीच येतायत. फोन आला होता. तू बैठकीच्या खोलीचं बघ."

"मग ह्या दोघांचं?"

"त्या गेल्यावर बघू."

"दादा, आज नववा दिवस आहे. डोळे उघडतील."

"उघडू देत की. बादलीत काय बघायचंय त्यांना?"

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जुन्या टोपलीत, फडक्यावर मांजराची दोन पिल्लं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून पडली होती. अंगावर ठिपके सुरेख. पाठीवरून दोन ओळी गेलेल्या, शिवणीच्या दोऱ्यासारख्या सरळ. आणि शेपट्याही सरळ. तेवढंच त्यांचं चुकलं होतं.

बादलीवर ताट झाकताना चिमाताईनं विचारलं, "काल बोललास ते खरं ना? मान्यता मिळाली तर?"

"मिळाली तर तुझी बादली बंद. सांगितलं ना एकदा? आपल्या जातीचं नाव एकदा मांजर-मंडळाच्या पुस्तकात चढलं की सरळ शेपटीवाली कुणाला द्यायची त्याला देऊन टाक. मग कोण विचारतंय!"

"ही दोन्हीसुद्धा?"

"ही दोन्हीसुद्धा. पण मिळाली तर."

दादा गुणगुणत निघून गेला. चिमाताईनं टोपली शेगडीपासून हातभर लांब, पण उबेत सरकवली.

ह्या घरात पिल्लांना नावं नव्हती, दोन शब्द होते. मांजरी व्याल्यावर आठव्या दिवशी दादा टेबलावरचा दिवा लावी, एकेक पिल्लू मानेला धरून उचली, ठिपके बघे आणि मग शेपटी अंगठ्या-बोटात धरून बुडापासून टोकापर्यंत चाचपत नेई. टोकाशी हाड वाकडं लागलं की म्हणे, "रान." ते पिल्लू आईकडे जाई. हाड सरळ लागलं की म्हणे, "गल्ली." ते पिल्लू चिमाताईच्या टोपलीत पडे. त्याच्या तोंडून तिसरा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

बुडवायचं काम पहिल्यापासून तिच्याकडे होतं. दादानं आयुष्यभर प्राणिसंग्रहालयात नोकरी केली, लांडग्यांच्या पिंजऱ्यात एकटा शिरला, पण एवढंसं पिल्लू पाण्यात धरायला त्याचा हात धजत नसे. "माझा जीव हळवा आहे गं. तुझा हात हलका आहे," तो म्हणाला होता, आणि चिमाताईला त्याचं वाईटही वाटलं होतं. वहिनी घर सोडून गेली तेव्हा ती चार दिवस स्वयंपाकाला म्हणून आली होती. ते चार दिवस अजून संपायचे होते. तिनं आपल्यापुरता एकच नियम घालून घेतला, की डोळे उघडायच्या आत उरकायचं. ज्यानं जग पाहिलं नाही त्याचं जग आपण घेतलं नाही, असं काहीसं ती मनाची समजूत घाले. आणि त्या पहिल्या दिवसापासून तिनं दूध सोडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर पचत नाही म्हणायची.

मांजरांची फडकी वाळत घालायला ती मागच्या अंगणात आली. भिंतीपलीकडून शिवणयंत्राचा खडखड आवाज येत होता, तो थांबला.

"काय चिमाताई, आज मोठी माणसं येतायत म्हणे?" भिंतीवरून मास्तरांचं डोकं वर आलं. मास्तर म्हणजे शेजारचे शिंपी. गळ्यात टेप आणि ओठांत दोन टाचण्या धरून बोलायची त्यांची हातोटी होती. दादानं ही भिंत पूर्वीच चार थर वाढवून घेतली, तेव्हापासून बोलायचं झालं की मास्तर स्टुलावर चढत.

"येतायत खऱ्या."

"मान्यता द्यायला?"

"बघू. देतील तेव्हा खरं."

"देतील, देतील. न द्यायला काय झालं? अशी शेपटी दुसऱ्या कुणाची आहे!" मास्तरांनी टाचण्या काढून कॉलरला खोचल्या. "कुत्र्याचं शेपूट वाकडं हे जगाला माहीत. मांजराचं वाकडं, ते आमच्या गल्लीतच. खरं सांगू का, तुमची पोरं कुंपणावर बसली ना, की मला आमच्या बॉबिनची आठवण येते."

"मास्तर, सकाळी सकाळी काहीतरी बोलू नका. दादाच्या कानावर गेलं तर—"

"त्यांना काय, ते राजाच्या घराण्यातली जनावरं पाळतात. आमचा आपला चिंध्यांवर झोपणारा बोका." ते हसले, आणि हसता हसता जरा थांबले. "माझ्याच हातून इस्त्री पडली होती त्याच्या शेपटीवर. वाकड्याच्या जरा अलीकडे, नाण्याएवढा चट्टा. पुन्हा केस म्हणून उगवला नाही तिथे. महिनाभर माझं तोंड बघत नव्हता. मग रागबिग विसरला, आणि थोड्याच दिवसांत गेला कुठेतरी. अजून कधी कधी दार उघडं ठेवतो मी. वेडेपणा, दुसरं काय! आता असता तरी मेलाच असता एव्हाना."

चिमाताईनं ओलं फडकं दोरीवर टाकलं. फडक्याला चिमटा लावायला तिला बराच वेळ लागला.

कारण बॉबिनचं तिला ठाऊक होतं. एकट्या तिलाच ठाऊक होतं, असं ती एकोणीस वर्षं धरून चालली होती.

तेव्हा दादाची नोकरी चालू होती. प्राणिसंग्रहालयानं लंगडा झाला म्हणून टाकून दिलेला एक रानबोका त्यानं खोक्यात घालून घरी आणला. रानमांजर आणि घरमांजर एक करून नवी जात काढायची, वाघाचं अंग आणि मांजराचा जीव, हे खूळ त्याच्या डोक्यात फार दिवसांचं होतं. मागच्या अंगणात त्यानं मोठा पिंजरा बांधला आणि त्यात एक पांढरी मांजरी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गळा फाटलेला मिळाला. "सवय नव्हती त्याला," दादा म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी त्यानं बदामीला उचललं. बदामी चिमाताईची होती. तिच्याच उशाशी वाढलेली.

दोन दिवस बदामी पिंजऱ्याच्या छताला नखं रोवून उलटी लटकून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, दादा कामावर असताना, चिमाताईनं पिंजरा उघडला आणि तिला छातीशी धरून माळ्यावर नेऊन ठेवलं. संध्याकाळी दादा यायच्या आत पुन्हा पिंजऱ्यात, पण आतल्या खोक्यात, बोक्याला पोचता येऊ नये म्हणून मधली फळी पाडून. असं चार दिवस चाललं. चौथ्या दुपारी ती दूध घेऊन माळ्यावर गेली, तर झरोक्यातून मास्तरांचा बॉबिन बाहेर पडत होता, मिशा चाटत, वाकडी शेपटी झेंड्यासारखी वर करून. चिमाताईला तेव्हा हसूच आलं होतं.

दोन महिन्यांनी बदामी व्याली. चार पिल्लं, अंगभर ठिपके. तिघांची शेपटी टोकाशी वाकडी.

"रान उतरलं! चिमे, रान उतरलं बघ अंगात!" म्हणत दादा पिंजऱ्यासमोर मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. बायको गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या त्यानं चौथं, सरळ शेपटीचं पिल्लू तिच्या हातात दिलं आणि बादलीकडे बोट दाखवलं.

ते बुडवल्यानंतर मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. सांगितलं असतं, तर ते पहिलं कशासाठी मेलं? मग दुसरं वेत झालं, मग तिसरं. दर वेळी टोपलीत पडणाऱ्यांचं आणि आईकडे जाणाऱ्यांचं रक्त एकच आहे, सगळीच गल्लीची आहेत, हे ती मनात म्हणे आणि पाणी कोमट करी. एका जिवाची दया आली, त्याचे हे भोग. दादाला कळलं तर तो खचेल, त्याचं आयुष्यच खोटं पडेल, एवढं मात्र तिला पक्कं वाटे. लंगडा रानबोका पिल्लं महिन्याची व्हायच्या आत मेला. दादानं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, पंधरा दिवस कुणाला आत येऊ दिलं नाही, आणि स्वतःच्या हातानं त्याच्यात भुसा भरला. प्राणिसंग्रहालयात हे काम तो शिकला होता. तेव्हापासून रानबोका बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत उभा होता, डोळे पिवळे, ओठ जरा मागे ओढलेले, शेपटी पायांमागून वळवून सुकल्या फांदीआड नेलेली. पेटीची किल्ली दादाच्या खिशात असे. चिमाताई काच बाहेरून पुसायची तेवढीच.

परीक्षक बाई दहाच्या सुमाराला आल्या. उंच, सडसडीत, चष्मा साखळीला लावून गळ्यात अडकवलेला. त्यांनी आल्या आल्या हात धुवायला पाणी मागितलं, पातळ सुती हातमोजे चढवले आणि टेबलावर पांढरं कापड अंथरायला लावलं. दादानं निवडून ठेवलेली तीन मांजरं एकेक करून आणली. बाईंनी दात पाहिले, कान उलटे करून पाहिले, ठिपक्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. मांजरं गप्प उभी राहिली. हाताळून घ्यायची त्यांना जन्मापासून सवय होती.

"स्वभाव शांत आहे," बाई म्हणाल्या.

"माझ्या बहिणीच्या हातची वाढली आहेत. तिचा हात हलका," दादा कौतुकानं म्हणाला. "चहा घ्या ना. चिमे, बाईंना चहा. आमच्या चिमीनं दूध सोडलंय, बघा. मांजरांच्या घरात राहून दूध सोडणारी ही एकटीच."

"का हो?"

"पचत नाही," चिमाताई म्हणाली.

बाई वंशावळीची वही चाळत होत्या. एका पानावर बोट ठेवून त्या थांबल्या. "एक गोष्ट मला खटकते. रानमांजराशी संकर केला की पहिल्या पिढीतले बोके वंध्य निघतात, असा सगळ्यांचा अनुभव आहे. तुमच्या पहिल्याच पिढीतल्या दोन बोक्यांना पिल्लं झालेली दिसतायत."

"अपवाद असतात."

"तुमच्याकडे सगळेच अपवाद आहेत."

"आमचं रानच जोरदार, बाई," दादा म्हणाला आणि हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि चष्म्यावरून चिमाताईकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही तेव्हा ह्याच घरात होता?"

"हो."

"मग तुम्हीच सांगा. ती पहिली मांजरी त्या रानबोक्याच्या पिंजऱ्यातच होती? दुसरा कुठला बोका जवळ आला नाही? एकदाही बाहेर काढली नव्हती तिला?"

रोज सकाळी तोंड धुताना चिमाताई मनाशी म्हणायची, आज खोटं बोलणार नाही. इतकी वर्षं हा नेम पाळायला तिला कधी जड गेलं नव्हतं, कारण ह्या घरात तिला कुणी काही विचारतच नसे. आज पहिल्यांदा कुणीतरी समोर बसून, तिच्या तोंडाकडे बघून विचारत होतं. तिनं दादाकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर तळवे चोळत बसला होता, शाळेत निकाल लागायच्या दिवशी बसायचा तसा. आतून, स्वयंपाकघरातून, टोपलीतल्या एकाचा बारीक आवाज आला.

"नाही," ती म्हणाली. "पिंजऱ्यातच होती. बाहेर काढली नव्हती."

"हे लिहून सही कराल?"

तिनं सही केली. आपलं पूर्ण नाव लिहिताना तिला अवघडल्यासारखं झालं. कित्येक वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

"ठीक," बाई उठल्या. "आता एकच राहिलं. मूळ बोका मला हाताळून बघायचाय."

दादानं खिशातून किल्ली काढली. पेटीचं दार इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उघडलं आणि खोलीभर कापराचा आणि जुन्या कातड्याचा वास पसरला. त्यानं रानबोक्याला दोन्ही हातांवर तोलून बाहेर आणलं आणि पांढऱ्या कापडावर ठेवलं. फांदीआडची शेपटी उजेडात आली. टोकाशी वाकडी.

चिमाताई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

त्या रानबोक्याला तिनं तीन-चार महिने खायला घातलं होतं. तो पिंजऱ्याकडे पाठ करून बसे आणि त्याची शेपटी गजांमधून बाहेर येई. जाडजूड, काळ्या वलयांची, काठीसारखी सरळ शेपटी. एकदा तिनं तिला हात लावून पाहिला होता.

बाईंनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि टोक अंगठ्या-बोटात धरून दाबलं. "हाड आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा मऊपणा आला. "माफ करा, पण मला वाटलं होतं तार निघेल. भुसा भरलेल्या जनावरात लोक तार वाकवून ठेवतात. डोळ्यांना कळत नाही, पण बोटांना लगेच कळतं. हे खरं आहे. जन्मतःच वाकडं."

"मी कशाला तार वाकवू?" दादा म्हणाला.

"इथले केस गेलेत मात्र. कसर लागली का?"

"नाही, नाही. जिवंतपणीच गेले ते. पिंजऱ्याच्या दाराला घासायचा सारखा."

वाकड्याच्या जरा अलीकडे, नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा होता. कडा आक्रसलेल्या, भाजल्या कातड्याच्या असतात तशा. आणि त्याच्याही अलीकडे, जिथे काळी वलयं संपून राखाडी केस सुरू होत होते, तिथे अगदी बारीक टाके होते, हात सफाईदार असल्याशिवाय येत नाहीत असे.

चिमाताईनं ट्रे खाली जमिनीवर ठेवला. टेबल दोन पावलांवर होतं.

"अगं, इथे आण ना," दादा म्हणाला. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि रानबोक्याची शेपटी हळूच स्वतःकडे वळवून घेतली.

बाईंनी बसून, वळणदार अक्षरात, सगळं लिहून काढलं. शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "शेपटीचं टोक जन्मतः वाकडं असणं ही ह्या जातीची मूळ रानाची खूण असून ती अनिवार्य आहे." दादाचे डोळे भरून आले होते. बाईंनी टोपण लावता लावता विचारलं, "सरळ शेपटीची निघतात त्यांचं काय करता?"

"ठेवत नाही."

"बरोबर करता. आणि ह्यापुढे तर एकही दाराबाहेर जाता कामा नये. नाव झालं की लोक सरळ शेपटीची घेऊन मिरवायला लागतात, आणि मग तक्रारी आमच्याकडे. तेही मी नियमात घालते. तुमच्याकडूनच नव्हे, पुढे ज्या ज्या घरात ही जात वाढेल त्या सगळ्यांनाच तो लागू राहील."

"अर्थात," दादा म्हणाला. चिमाताईकडे न बघता म्हणाला.

बाई गेल्या. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत दादा फाटकात हात हलवत उभा होता. आत येऊन त्यानं रानबोक्याला पुन्हा पेटीत ठेवलं, फांदी नीट केली, शेपटी तिच्याआड लपवली. काचेवर उमटलेली बोटं तो रुमालानं पुसत होता, तेव्हा चिमाताई मागे येऊन उभी राहिली.

"तू म्हणाला होतास, बादली बंद."

"ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या? आता माझ्या हातात आहे का काही?"

तिनं फांदीआडच्या शेपटीकडे बोट केलं.

"बाकीचा कुठे पुरलास, दादा?"

रुमाल काचेवरच राहिला.

"मास्तर अजून दार उघडं ठेवतात," ती म्हणाली.

दादा काचेतच बघत होता. काचेत रानबोक्याच्या चेहऱ्यावर त्याचा स्वतःचा चेहरा पडला होता. मग त्यानं पुन्हा पुसायला सुरुवात केली, खालून वर, कोपऱ्याकोपऱ्यातून.

"बदामीला तू बाहेर काढलीस," तो शांतपणे म्हणाला. "मी काही बोललो का तुला? इतक्या वर्षांत एका शब्दानं बोललो? मधली फळी पडलेली मला दिसत नव्हती, असं वाटलं तुला? झरोक्यात राखाडी केस अडकले होते, ते मीच काढून टाकले." तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तो थांबला नाही. "उलट मी उपकारच मानतो तुझे. हे सगळं तुझ्या त्या चार दुपारींवर उभं आहे, चिमे."

"मग ती सगळी मी... दादा, सगळी सारखीच होती ती. तुला ठाऊक होतं, सगळी सारखीच होती."

"सारखी नव्हती. निम्म्यांच्या शेपट्या सरळ होत्या." त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि पेटीला किल्ली लावली. "जा, ते उरकून घे. आणि पाणी पुन्हा तापवत बसू नकोस. उगाच गॅस जातो."

स्वयंपाकघरात टोपली तशीच होती. चिमाताई स्टुलावर बसली. दोघांतलं एक तिच्या चाहुलीनं वळवळलं, मान उचलून डुगडुगत तिच्या दिशेनं तोंड केलं. त्याचा एक डोळा उघडला होता. पुरता नव्हे, फटीएवढाच, आत धुरकट निळं काहीतरी. त्या फटीतून ते तिच्याकडे बघत होतं, किंवा उजेडाकडे. त्यानं पाहिलेलं पहिलं माणूस ती होती.

तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. शेपटी अंगठ्या-बोटात धरून बुडापासून टोकापर्यंत नेली, दादा नेई तशी. मणी, मणी, मणी, सरळ. शेवटच्या दोन मण्यांपाशी ती थांबली. दुसऱ्या हाताची दोन बोटं तिनं खालून लावली, डोळे मिटले, आणि एकदम दाबलं.

काडी मोडल्याएवढाच आवाज झाला. मग पिल्लाचा आवाज सुरू झाला. एवढ्याशा जिवात एवढा आवाज मावतो, हे चिमाताईला ठाऊक नव्हतं. बुडताना ती कधी ओरडत नसत. तिनं त्याला गळ्याशी धरलं, हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकवली आणि ते गप्प होईपर्यंत पुढेमागे झुलत राहिली. ओट्याशी मांजरांसाठी दूध काढून ठेवलं होतं. त्यात करंगळी बुडवून तिनं त्याच्या ओठांना लावली.

दादा टेबलाशी बसून बाईंनी दिलेला कागद वाचत होता. बहुधा चौथ्यांदा.

"दादा, हे बघायचं राहिलं."

"अगं, पाहिली होती ना मी दोन्ही?"

"नीट बघितलं नसशील."

तिनं दिव्याचं बटण दाबलं आणि पिल्लू कागदावर ठेवलं. दादानं त्याला मानेला धरून उचललं. अंगठ्या-बोटात शेपटी धरून तो टोकाकडे जाऊ लागला. टोकाशी पोचला तसं पिल्लू ताठ झालं, थरथरलं, पण त्याच्यात आता आवाज उरला नव्हता. बोटांखाली गरम लागत असणार. दादा थांबला. त्यानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं, आणि तिनंही नजर खाली घेतली नाही. भिंतीपलीकडे मास्तरांचं यंत्र चाललं होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं.

"रान," दादा म्हणाला.

चिमाताईनं पिल्लू त्याच्या आईपाशी नेऊन ठेवलं. आई आधी शेपटी हुंगू लागली, मग चाटू लागली.

ती परत स्वयंपाकघरात आली. बादलीवरचं ताट काढून तिनं पाणी मोरीत ओतून दिलं. ते केव्हाच गार झालं होतं. मग टोपली जवळ ओढून ती स्टुलावर बसली. हात ओले होते. शेपटी निसटू नये म्हणून तिनं ते फडक्याला पुसून आधी नीट कोरडे केले.